गोलाच्या आधीचा माणूस : दाविद सिल्व्हा

१३ मे २०१२. अग्वेरोचा ९४व्या मिनिटाचा गोल फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. शर्ट काढून धावणारा अग्वेरो आणि मँचेस्टर सिटी या त्याच्या इंग्लिश क्लबचं ४४ वर्षांनी आलेलं लीग विजेतेपद, त्या क्लिप आजही फिरतात. पण त्याच्या दोनच मिनिटं आधी सिटी १-२ अशी मागे होती. ९२व्या मिनिटाला सिटीच्याच झेकोनं हेडर मारून बरोबरी साधली, म्हणून अग्वेरोच्या गोलाला किंमत आली. ज्या कॉर्नरवर तो हेडर झाला, तो कॉर्नर कोणी घेतला होता? मी हा प्रश्न पक्क्या सिटी समर्थकांनाही विचारला आहे आणि बरेच जण अडखळतात.

सिटीचा स्पॅनिश मिडफिल्डर दाविद सिल्व्हानं घेतला होता.

माझं मत स्पष्ट आहे. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळून गेलेल्या स्पॅनिश खेळाडूंमध्ये सिल्व्हा सर्वश्रेष्ठ. फाब्रेगास, झाबी अलोन्सो, माता, काझोर्ला, तोरेस ही सगळी नावं डोळ्यांसमोर ठेवून बोलतोय. आणि त्याला त्याच्या तोलाचा मान मिळाला नाही, हेही तितक्याच ठामपणे म्हणतो. सिटीकडून दहा वर्षांत ४३६ सामने, ४ लीग विजेतेपदं, २ एफए कप, ५ लीग कप. त्या दहा वर्षांत इंग्लंडमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड एकदाही झाली नाही. ना सहखेळाडूंनी केली, ना पत्रकारांनी.

कारण आपण सगळेच मोजतो ते गोल, आणि फार तर असिस्ट, म्हणजे गोलाआधीचा शेवटचा पास. त्या हिशेबातही सिल्व्हा काही कमी नाही. प्रीमियर लीगमध्ये ६० गोल, ९३ असिस्ट. २०११-१२च्या हंगामात तर लीगमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट त्याचेच होते. पण त्याचं खरं काम या आकड्यांच्या एक पायरी आधीचं. प्रशिक्षक गार्डिओलाच्या सिटीचा ठरलेला गोल आठवा. डावीकडे सिल्व्हाकडे चेंडू येतो, तो समोरच्या संघाचा राइट बॅक आणि सेंटर बॅक यांच्या फटीतून पास सरकवतो, साने धावत जाऊन गोलसमोर आडवा चेंडू देतो, स्टर्लिंग आत ढकलतो. गोल स्टर्लिंगचा, असिस्ट सानेचा. बचाव फोडणारा पास ज्यानं दिला त्याचं नाव स्कोअरकार्डवर कुठेच नाही. असे किती गोल झाले असतील!

त्याची उभं राहायची जागा बघण्यासारखी असायची. आधीचा प्रशिक्षक मान्चिनीच्या काळात कागदावर तो विंगर होता, पण विंगवर थांबायचाच नाही. हळूच आत सरकायचा आणि समोरच्या संघाची मिडफिल्ड आणि डिफेन्स यांच्या मधल्या पट्ट्यात जाऊन उभा राहायचा. आता त्या बाजूचा बचाव सांभाळणाऱ्या फुलबॅकनं काय करावं? त्याच्यामागे आत गेला तर बाजूची अख्खी पट्टी सिटीच्या फुलबॅकसाठी, क्लिशी किंवा झाबालेटासाठी, मोकळी. नाही गेला तर सिल्व्हा एकटा, चेंडू घेऊन वळायला मोकळा. चेंडू यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचा, त्यामुळे डाव्या पायावर चेंडू घेतानाच त्याचं अंग गोलच्या दिशेनं अर्धं वळलेलं असायचं. समोरच्याला टॅकलला यायला वेळच मिळत नसे. १७० सेंटिमीटर उंची, वेग बेताचा, अंगात जोर असा नाही. तरीही इंग्लंडच्या धसमुसळ्या फुटबॉलमध्ये तो दहा वर्षं टिकला तो या तयारीवर.

आपल्याकडे शाळांच्या आणि टर्फवरच्या निवड चाचण्यांत अजूनही उंच, दांडगा मुलगा आधी उचलला जातो आणि लहान चणीच्या मुलाला कोपऱ्यात विंगवर उभं करतात. याचा मला खरोखर त्रास होतो. चेंडू यायच्या आधी मान वळवून बघणारा मुलगा कोणता, एवढं तरी निवडणाऱ्यांनी पाहावं.

सिल्व्हा ग्रान कनारिया बेटावरच्या आर्गिनेगिन या मच्छीमारांच्या गावचा. जन्म १९८६चा. त्याच गावानं स्पेनला हुआन कार्लोस व्हालेरॉन दिला, देपोर्तिवो क्लबचा तो अप्रतिम प्लेमेकर, २१ नंबरवाला. सिल्व्हाचा नंबरही २१. एवढ्याशा गावातून एकाच जातकुळीचे दोन मिडफिल्डर यावेत याचं मला नेहमी नवल वाटतं. चौदाव्या वर्षी सिल्व्हा व्हॅलेन्सिया क्लबच्या अकादमीत गेला, आणि अठराव्या वर्षी क्लबनं त्याला लोनवर दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एइबारला पाठवलं. एइबार म्हणजे बास्क प्रांतातलं डोंगरात दडलेलं छोटं कारखान्यांचं गाव. पाऊस, जड मैदान, दणकट डिफेंडर. नाजूक पायांचा बेटावरचा पोरगा तिथं मोडून पडायला हवा होता, पण तो हंगामभर खेळला आणि एइबार पहिल्या डिव्हिजनच्या उंबरठ्यापर्यंत पोचलं. माझ्या मते इंग्लंडची तयारी तिथेच झाली. मग एक वर्ष सेल्टा क्लब, मग व्हॅलेन्सियात चार हंगाम आणि २००८चा कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय कप. व्हॅलेन्सिया कर्जात बुडाली, नव्या स्टेडियमचं काम अर्धवट पडलं, आणि २०१०च्या उन्हाळ्यात त्याचा सहकारी व्हिया बार्सिलोनाला तर सिल्व्हा मँचेस्टरला विकला गेला.

स्पेनच्या संघात त्याची गोष्ट वेगळी आणि थोडी दुखरी. २०१०च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्या सामन्यात, दरबानला स्वित्झर्लंडविरुद्ध, तो सुरुवातीच्या अकरात होता. स्पेन ०-१ हरला. त्यानंतर अख्ख्या स्पर्धेत सेमीफायनलची शेवटची काही मिनिटं, बस्स. जगज्जेत्या संघातला इतका गुणी खेळाडू जवळजवळ पूर्ण स्पर्धा बाकावर! झावी, इनिएस्ता, बुस्केट्स, अलोन्सो एकाच वेळी असल्यावर कुणाला तरी बसावं लागणारच, हे कळतं. पण दोन वर्षांनी कीव्हमध्ये युरोच्या फायनलला इटलीविरुद्ध पहिला गोल त्यानं केला, तोही डोक्यानं. मैदानातल्या सगळ्यात बुटक्या खेळाडूंपैकी एक, आणि हेडर! त्या दिवशी मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. १२५ सामने, ३५ गोल, दोन युरो आणि एक वर्ल्ड कप घेऊन २०१८मध्ये तो स्पेनच्या संघातून निवृत्त झाला.

२०१७-१८बद्दल सांगायलाच हवं. सिटीनं त्या वर्षी १०० गुण मिळवले, १०६ गोल केले. त्याच डिसेंबरात सिल्व्हाचा मुलगा फार अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये होता. सिल्व्हा व्हॅलेन्सिया आणि मँचेस्टरच्या मध्ये ये-जा करत होता, काही सामने चुकत होते, काहींना थेट विमानातून उतरून येत होता. तरीही लीगमध्ये ९ गोल आणि ११ असिस्ट. पुढच्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डविरुद्ध तो मुलाला कडेवर घेऊन मैदानात उतरला आणि त्याच सामन्यात फ्री किकवर गोल मारला. त्या काळात त्यानं कुठे सहानुभूती मागितली नाही, सामन्यातल्या चुकांना कारण दिलं नाही. म्हणून मला तो माणूस म्हणूनही मोठा वाटतो.

निरोप मात्र त्याच्या वाट्याला नीट आला नाही. २०२०मध्ये कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं. ज्या घरच्या मैदानावर दहा वर्षं खेळला, तिथून शेवटचं बाहेर पडताना टाळ्या वाजवायला प्रेक्षक नव्हते. नंतर क्लबनं तिथे त्याचा पुतळा उभारला, ते बरं केलं. चॅम्पियन्स लीग, युरोपातली क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, सिटीला मिळाली ती २०२३मध्ये, तो गेल्यावर तीन वर्षांनी.

पण लोक त्याची शेवटची तीन वर्षं विसरतात, आणि ती विसरण्यासारखी नाहीत. स्पेनमधल्या रेआल सोसिएदाद क्लबला जाऊन त्यानं पहिल्याच वर्षी कोपा देल रे जिंकला. कोविडमुळे लांबलेली ही फायनल एप्रिल २०२१मध्ये सेव्हियात झाली, समोर शेजारी अॅथलेटिक बिल्बाओ, निकाल १-०. सोसिएदादची ३४ वर्षांतली ती पहिली मोठी ट्रॉफी. २०२३ला संघ चौथा येऊन चॅम्पियन्स लीगमध्ये पोचला, आणि जुलैमध्ये सरावात सिल्व्हाच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. सदतिसाव्या वर्षी त्यानं थांबायचं ठरवलं.

२०१९मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक सिटी ग्रुपनं मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबात मोठा हिस्सा घेतला, तेव्हापासून आपल्याकडे आकाशी निळे शर्ट बरेच दिसू लागले. त्यातल्या नव्या पोरांना हालांड आणि डी ब्रायना माहीत आहेत. त्यांना एकच विनंती. २३ ऑक्टोबर २०११चा, ओल्ड ट्रॅफर्डवर सिटीनं मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ६-१ जिंकलेला सामना पूर्ण बघा, हायलाइट्स नकोत. सहाव्या गोलआधी सिल्व्हानं हवेतला चेंडू डाव्या पायानं तसाच झेकोच्या धावेत टाकलाय. तो पास तर बघाच, पण त्याआधी तासभर तो कुठे कुठे उभा होता तेही बघा. आणि माझं मत पटत नसेल तर कमेंटमध्ये दुसऱ्या स्पॅनिश खेळाडूचं नाव कारणासकट लिहा.