डीव्हीडी भंगारात देऊ नका, तो मेसेज चुकीचा आहे

धुळे-जळगावकडच्या भावकीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "लग्नाच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर कॉपी करा, प्रत्येक फाइलच्या नावाशेवटी एमपी४ लिहा, कुठल्याही टीव्ही-मोबाइलवर चालेल. नाही चालली तर ऑनलाइन ४के करून घ्या. मग जुनं सगळं डिलीट करा, जागा वाचेल." हे वाचून अमळनेरच्या मावशीनं डीव्हीडी भंगारवाल्यासाठी बाजूला काढल्या. म्हणून तातडीनं लिहितोय.

नाव बदलून फाइल बदलत नाही. डीव्हीडीतल्या व्हीओबी या व्हिडिओ फाइलमध्ये एमपेग-२ या जुन्या पद्धतीनं साठवलेलं चित्र असतं, ते तसंच राहतं. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर नाव न बघता आत काय आहे ते ओळखतो, म्हणून कॉम्प्युटरवर चालतं आणि लोकांना वाटतं, जमलं! टीव्ही-मोबाइलची खात्री नाही, त्यासाठी सॉफ्टवेअरनं खरं रूपांतर करावं लागतं. एवढं मान्य करतो : आत आधीच एमपी४ला चालणारं एच.२६४ पद्धतीचं चित्र आणि एएसी पद्धतीचा आवाज असेल, फक्त नावाशेवटी एम४व्ही असेल, तर नाव बदलून काम भागतं.

४के तर निव्वळ खुळेपणा. डीव्हीडीचं चित्र ७२० × ५७६, ४के म्हणजे ३८४० × २१६०, बरोबर वीसपट ठिपके. म्हणजे वीसातले एकोणीस ठिपके सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरलेले. शिवाय घरच्या लेकीबाळींचे व्हिडिओ अनोळखी वेबसाइटवर कशाला चढवायचे?

खरा घात "जुनं डिलीट करा" यात आहे. एकगठ्ठा रूपांतरात चुका होतात आणि त्या महिन्यांनी लक्षात येतात. व्हीओबीचे साधारण १ जीबीचे तुकडे असतात. ते सुटे टाकले तर मंगलाष्टकं मध्येच तुटतात. म्हणून हँडब्रेक या रूपांतराच्या मोफत सॉफ्टवेअरला डीव्हीडीतलं अख्खं व्हिडिओ टीएस (VIDEO_TS) फोल्डर द्या. डीव्हीडीचं चित्र बहुधा इंटरलेस्ड असतं, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनलेलं. डीइंटरलेस न करता, म्हणजे ती अर्धी चित्रं नीट न जुळवता रूपांतर केलं, तर हळदीत नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात आणि नव्या फाइलमधून ते नीट काढता येत नाहीत. मोबाइलच्या शूटिंगचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त होतो, त्यानं काही टीव्हींवर आवाज पुढे-मागे सरकतो. तिथं हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट निवडा. मूळ हाताशी असेल तर यातलं सगळं पुन्हा करता येतं. नसेल तर काहीच नाही.

हँडब्रेकमध्ये 'फास्ट ५७६पी२५' हा प्रीसेट (तयार सेटिंग) घ्या : एमपी४, एच.२६४, एएसी स्टिरिओ. हँडब्रेकच्याच मार्गदर्शिकेत ५७६पीसाठी (५७६ ओळींच्या चित्रासाठी) आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, १८ ते २२ सांगितलाय, २० ठेवा. आकडा उतरवला की फाइल फुगते, मुळात नसलेला तपशील येत नाही. आधी दोन मिनिटांचा तुकडा करून घरातल्या प्रत्येक टीव्ही-मोबाइलवर बघा, मगच बाकीचं रांगेत लावा. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीवरची फाइल त्यावर जाणारच नाही. मोठ्या फाइल घेणारं एक्सफॅट फॉरमॅट टीव्हीला चालतं का ते आधी तपासा.

रात्रभर रांग लावून झोपलात आणि लाइट गेली, तर चालू असलेली एमपी४ बहुतेक वाया जाते, कारण तिची अनुक्रमणिका (फाइलमध्ये काय कुठे आहे याची यादी) सहसा शेवटी लिहिली जाते. सकाळी प्रत्येक फाइलची लांबी मूळ फाइलशी ताडून बघा, आणि शेवटची पाच मिनिटं चालवून बघा.