विल्सन हॉलमधील खोली क्रमांक 428 : एका प्रचलित कथेचा प्रतिवाद

अमेरिकेच्या ओहायो राज्यात अथेन्स नावाचे गाव आहे. तेथे 1804 मध्ये स्थापन झालेल्या ओहायो विद्यापीठाच्या विल्सन हॉल या वसतिगृहाविषयीची एक भूतकथा अनेक वर्षे सत्यघटना म्हणून सांगितली जाते. कथा अशी की, ही इमारत मनोरुग्णालयाच्या दफनभूमीवर बांधली गेली. गावाभोवतीच्या पाच दफनभूमी रेषांनी जोडल्या तर पंचकोनी तारा उमटतो आणि त्याच्या मध्यावर नेमके हेच वसतिगृह येते. 1970 च्या दशकात 428 क्रमांकाच्या खोलीत गूढविद्येच्या नादी लागलेल्या एका विद्यार्थिनीचा भीषण मृत्यू झाला. त्यानंतर तेथे वस्तू आपोआप हलू लागल्या, दाराच्या लाकडावर सैतानी चेहरा दिसू लागला आणि विद्यापीठाने ती खोली कायमची बंद केली. अतींद्रिय घटनांचा अभ्यास करणाऱ्या, ब्रिटनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने अथेन्सला जगातील सर्वाधिक झपाटलेल्या ठिकाणांत गणले आहे, असा दाखलाही सोबत जोडला जातो.

पंचकोनी ताऱ्याचा दावा प्रथम घेतो, कारण तो नकाशावर दाखवता येतो आणि म्हणून सर्वांत पटकन पटतो. ग्रामीण ओहायोमध्ये चर्चची, वस्त्यांची, कुटुंबांची अशी लहानलहान कब्रस्ताने पुष्कळ आहेत. समजा, त्यांपैकी केवळ 20 विचारात घेतली, तरी त्यांतून पाच निवडण्याचे 15,504 प्रकार होतात. एवढ्या पर्यायांतून साधारण ताऱ्यासारखी दिसणारी आणि आपल्याला हवी ती इमारत मध्याजवळ येईल अशी आकृती सापडली नसती, तरच आश्चर्य वाटायला हवे होते. शिवाय ‘मध्य’ म्हणजे किती अंतराच्या आत, आणि हीच पाच का, हे दावा करणारे आधी ठरवत नाहीत. आकृती मनात धरून मग ठिकाणे निवडली जातात.

संस्थेच्या दाखल्याविषयी थोडक्यात सांगता येईल. 1882 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे जाहीर तत्त्वच असे आहे की, संस्था म्हणून ती कोणतेही मत मांडत नाही. मते त्या त्या संशोधकाची असतात. तेव्हा ‘संस्थेने घोषित केले’ हे विधान तिच्या कार्यपद्धतीशीच विसंगत आहे. अथेन्स परगण्याच्या गूढ ख्यातीमागे दुसरा, खराखुरा इतिहास मात्र आहे. 1850 च्या दशकाच्या प्रारंभी जोनाथन कून्स या शेतकऱ्याने आपल्या शेतावर प्रेतात्म्यांशी संवाद साधण्यासाठी लाकडी ओंडक्यांची स्वतंत्र खोली बांधली होती आणि ती पाहायला लांबून लोक येत असत. तो प्रेतसंवादाच्या लाटेचा काळ होता. त्या काळाचे वलय शतकभराने, 1960 च्या दशकात उभ्या राहिलेल्या वसतिगृहाला चिकटले असावे, असे मला वाटते.

विद्यार्थिनीच्या मृत्यूबाबत कथेची रूपे एकमेकांशी जुळत नाहीत. एका रूपात ती आत्महत्या करते, दुसऱ्यात अज्ञात शक्ती तिचा बळी घेते. तिचे नाव व तारीख कुठेच ठामपणे येत नाही. खोली विद्यार्थ्यांना दिली जात नाही, एवढे खरे मानले तरी त्यावरून मृत्यूही सिद्ध होत नाही आणि भूतही नाही. मोठ्या निवासी इमारतीत एखादी खोली यंत्रसामग्रीसाठी, सामानासाठी किंवा दुरुस्तीसाठी बंद असणे नित्याचे आहे. दारावरील चेहऱ्याचे म्हणाल तर लाकडाच्या गाठी आणि रेषा यांत डोळे, नाक, तोंड शोधणे ही मानवी मेंदूची उपजत सवय आहे. दोन काळे ठिपके आणि खाली एक आडवी रेष एवढेही तिला पुरते.

येथे राहणाऱ्यांना आलेले अनुभव मात्र मी खोटे म्हणणार नाही. रात्री जाग यावी, शरीर हलवता येऊ नये, छातीवर भार जाणवावा आणि खोलीत कुणी उभे आहे अशी खात्री वाटावी, हा अनुभव भयंकर असतो. त्याला निद्रापक्षाघात म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायू शिथिल करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नाप्रमाणे हातपाय हलवत नाही; ही शिथिलता टिकून असतानाच जाग आली, तर स्वप्नातील आकृती उघड्या डोळ्यांसमोर दिसते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 35 अभ्यासांच्या एका आढाव्यानुसार सर्वसाधारण लोकांपैकी 7.6 टक्क्यांना हा अनुभव आयुष्यात कधी ना कधी आलेला असतो, तर विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण 28.3 टक्के आहे. जागरणे, अनियमित झोप आणि ताण यांनी तो वाढतो. म्हणजे शेकडो विद्यार्थी राहतात अशा कोणत्याही इमारतीत असे प्रसंग घडणारच, आणि जेथे भूताची कथा आधीपासून तयार आहे तेथे त्यांचा अर्थही तयारच असतो.

दफनभूमीचा दावा शेवटी ठेवला, कारण तो मला सर्वाधिक खटकतो. अथेन्सचे मनोरुग्णालय 1874 मध्ये सुरू झाले आणि 1993 मध्ये बंद पडले. ते हॉकिंग नदीच्या पलीकडे टेकडीवर आहे आणि त्याच्या तीनही दफनभूमी त्याच टेकडीवर आहेत. विल्सन हॉल नदीच्या अलीकडे, विद्यापीठाच्या पश्चिम आवारात आहे. पुराच्या त्रासामुळे 1970 च्या सुमारास नदीचे पात्र वळवण्यात आले खरे, पण टेकडी त्याआधीही पलीकडच्याच तीरावर होती. रुग्णालयाचा परिसर आज विद्यापीठाच्या मालकीचा आहे, आणि ‘विद्यापीठाच्या जागेत मनोरुग्णांच्या कबरी आहेत’ या खऱ्या वाक्यातून ‘वसतिगृहाखाली कबरी आहेत’ हे खोटे वाक्य निघाले असणे शक्य आहे.

त्या टेकडीवर 1,900 हून अधिक माणसे पुरलेली आहेत. त्यांत अपस्माराचे रुग्ण होते, दारूचे व्यसन जडलेले होते, रजोनिवृत्तीच्या त्रासापायी दाखल केलेल्या स्त्रिया होत्या, यादवी युद्धात लढलेले सैनिकही होते. बहुतेकांच्या दगडावर नाव नाही, फक्त क्रमांक आहे. कथेत ही माणसे केवळ भीती वाढवण्यापुरती येतात. प्रत्यक्षात स्थानिक स्वयंसेवकांनी त्या दफनभूमी स्वच्छ केल्या आहेत, आणि रुग्णालयाच्या नोंदींशी ताडून क्रमांकांमागची नावे पुन्हा लावली गेली आहेत.