वेल्सच्या खाणींतली भुतं आणि मोर्फाचे 87 मृत्यू

वेल्सच्या खाणींबद्दल एक पोस्ट सध्या फिरते आहे. तिचा दावा असा: 'कोब्लनाय' नावाची बुटकी भुतं खडकावर ठोके देऊन अडाणी मजुरांना सावध करत. 1890 मध्ये मोर्फाच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, तेव्हा ज्यांनी भुतांचं ऐकलं ते वाचले, ज्यांनी हसण्यावारी नेलं ते मेले.

आधी 'अडाणी'चं बघू. या ठोक्यांवर विश्वास ठेवून 1754 मध्ये पत्रं लिहिणारा लुईस मॉरिस हा विद्वान आणि खाणींचा सरकारी अधिकारी होता. त्याच्या लेखी ठोके शिशाच्या धातुकाची शीर, म्हणजे खडकातला पट्टा, कुठे आहे ते दाखवत. संकटाची सूचना हा त्यातला मुद्दाच नव्हता.

ठोके मात्र खरे होते. वरचा भार वाढला की लाकडी टेकू करकरतात, खडक तडकतो. म्हणून जुना खाणकामगार कुदळीच्या दांड्याने छत ठोकून बघायचा. आवाज पोकळ आला की तिथून बाजूला व्हायचा. जीव वाचवायचा तो हा अनुभव.

आता मोर्फा. 10 मार्च 1890 च्या स्फोटात 87 जण गेले. त्याच खाणीत 1863 आणि 1870 मध्येही स्फोट झाले होते. अशा ठिकाणी उतरताना भीती वाटायला भूत कशाला हवं? आणि अपशकुन झाला म्हणून घरी राहिलेला माणूस पुढे गोष्ट सांगू शकला. अपशकुन होऊनही पोटासाठी खाली गेलेल्याची गोष्ट कोण सांगणार? घरी बसलं की मजुरी बुडायची, हे पोस्ट लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

विज्ञानाने काय केलं, तेही ऐका. 1896 मध्ये वेल्समधल्याच टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन 57 माणसं मेली. बहुतेकांचा जीव स्फोटाने नाही तर नंतरच्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला, हे जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने शोधून काढलं. या विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी वापरा, ही सूचना त्याचीच.

भुतांच्या गोष्टीत खाणमालक कुठेच दिसत नाही, याची मला खरी चीड आहे. सेंघेनिथच्या खाणीत 1901 मध्ये 81 जण मेले होते. पुढे 1911 च्या खाण कायद्याने हवेचा प्रवाह उलटा फिरवण्याची सोय सक्तीची केली, म्हणजे आग लागली तर धूर आणि विषारी वायू कामगारांकडे जाऊ नयेत. त्यासाठीची मुदत सप्टेंबर 1913 मध्ये संपली, तरी तिथे ती सोय नव्हती. 14 ऑक्टोबरला स्फोट झाला, 439 कामगार आणि बचाव पथकातला एक जण गेला. नियमभंगाबद्दल व्यवस्थापकाला 24 पौंड दंड झाला, कंपनीला 10.