अटलांटाकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मँचेस्टरचं काय झालं ते बोलूया

अटलांटाकर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आधी परत एकदा वाचली. दोन ओळीत उत्तर देणं बरोबर वाटेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की अमेरिकेत मायनर लीग आइस हॉकीची (म्हणजे एनएचएल या सगळ्यात वरच्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवरची) नवीन टीम कुठे काढायची हे ठरवताना गावाची लोकसंख्या नंतर बघा, आधी दोन गोष्टी बघा, बसने जाता येईल एवढ्या अंतरावर शेजारी टीम किती आहेत आणि अरीनाचे शुक्रवार-शनिवार कुणाच्या हातात आहेत. त्यावर अटलांटाकर म्हणतात की हे सगळं मॅसॅच्युसेट्समधल्या माझ्या वूस्टरच्या प्रेमापोटी लिहिलंय, मोठं शहर घ्या माणसं येतील, कॅलिफोर्नियातली कोचेला व्हॅली तर वाळवंटात आहे तरी जोरात चालू आहे, आणि न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला शेजारी होते, दहा हजारांच्या आसपास सीटचं अरीना होतं, तरी 2019 मध्ये टीम बंद पडली, मग तुमचा नियम कुठे गेला?

प्रेम आहे, ते नाकारत नाही. 2015 पर्यंत आमच्या वूस्टरला एएचएलची (एनएचएलच्या लगेच खालची लीग) टीम होती, वूस्टर शार्क्स. मुलाला पहिली मॅच तिथेच दाखवली, तो पाच वर्षांचा होता आणि दुसऱ्या पिरियडमध्ये माझ्या मांडीवर झोपला. मग एक दिवस बातमी आली की टीम चालली कॅलिफोर्नियाला. का, तर ती टीम सॅन होजे शार्क्सची होती आणि त्यांना आपली पोरं जवळ हवी होती, कारण एनएचएलचा एखादा खेळाडू जखमी झाला की खालून दुसरा लगेच बोलवायचा असतो आणि वूस्टरहून सॅन होजे म्हणजे अख्खा देश ओलांडून जायचं. त्या वर्षी अशा पाच टीम एकदम कॅलिफोर्नियात गेल्या, बेकर्सफील्ड, ऑन्टेरियो, सॅन डिएगो, सॅन होजे आणि स्टॉकटन. त्यात वूस्टरच्या लोकांनी काय केलं असतं तर टीम राहिली असती हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

इथेच माझी चूक झाली आणि ती तुम्ही बरोबर पकडलीत. मी एएचएल आणि ईसीएचएल (एएचएलच्या एक पायरी खालची लीग) एकाच मापाने मोजली. एएचएलमध्ये जागा बऱ्याचदा वरचा क्लब ठरवतो, खेळाडूंचे पगारही तिकडूनच येतात. ईसीएचएलमध्ये तसं नाही, तिथे बहुतेक भार स्थानिक मालकावर असतो, खेळाडूंना राहायला घरंसुद्धा टीमच देते, म्हणजे गावातलं घरभाडं हाही जागा निवडतानाचा मोठा मुद्दा झाला आणि तो मी मागच्या लेखात लिहायलाच विसरलो होतो. मोठ्या महागड्या शहरात वीसेक पोरांना अपार्टमेंट घेऊन देणं आणि ओहायोतल्या टोलिडोसारख्या गावात घेऊन देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता कोचेला व्हॅली. फायरबर्ड्स 2022 मध्ये सुरू झाले, सिअॅटल क्रॅकनची टीम, आणि पहिल्या दोन्ही सीझनला थेट कॉल्डर कपच्या (एएचएलचं विजेतेपद) फायनलला पोचले, दोन्ही वेळा हर्शीकडून हरले. यश आहेच. पण बघा, 2022 ला तिथे टीम काढणं जमलं कारण 2015 लाच शेजार तयार झाला होता. ऑन्टेरियो आणि सॅन डिएगो गाडीने जाण्याइतके जवळ आहेत. त्या पाच टीम आधी आल्या नसत्या तर वाळवंटात एकटी टीम कुणाशी खेळली असती? आणि जागेचं म्हणाल तर अरीना आधी पाम स्प्रिंग्सच्या डाउनटाउनमध्ये होणार होतं, ते जमलं नाही म्हणून बाहेर दुसरीकडे बांधलं, ते डिसेंबरपर्यंत तयार नव्हतं, सुरुवातीच्या होम मॅच चक्क सिअॅटलला खेळाव्या लागल्या. मागे पैसेवाले होते म्हणून निभावलं, ईसीएचएलच्या साध्या मालकाला हे झेपलं नसतं.

आणि उन्हाच्या गावांना माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. फ्लोरिडा एव्हरब्लेड्सने 2022, 2023, 2024 असे सलग तीन केली कप (ईसीएचएलचं विजेतेपद) जिंकले, एस्टेरोला, जिथे लोक हिवाळ्यात ऊन खायला जातात. तुमच्या भागातच बघा, ईसीएचएलचे ग्लॅडिएटर्स अटलांटाच्या मध्यात नाहीत, बाहेर डुलूथला आहेत, आणि 2003 पासून आहेत. त्याच अटलांटातून एनएचएलच्या दोन टीम गेल्या, 1980 ला कॅलगरीला आणि 2011 ला विनिपेगला. एवढं प्रचंड शहर! मग मोठ्या शहराने काय वाचवलं? मला वाटतं ग्लॅडिएटर्सना साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलच्या टीमचा मोठा आधार आहे, दोनेक तासांवर. सव्हानाला 2022 ला टीम आली तेव्हा नॉर्थ चार्ल्सटन एका बाजूला आणि जॅक्सनव्हिल दुसऱ्या बाजूला, दोन्ही साधारण दोन-अडीच तासांवर, मला तर ती अलीकडची सगळ्यात शहाणपणाची निवड वाटते.

शेजारी का लागतो, त्याचं कारण बसभाड्यापुरतं नाहीये. सीझनला 72 मॅच, त्यातल्या 36 घरी. तिकिटं विकली जातात ती मुख्यतः शनिवार-रविवारच्या आजूबाजूला, त्यामुळे बऱ्याचदा शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन दिवसांत तीन मॅच लावतात. शुक्रवारी रात्री दहाला मॅच संपली, सामान भरलं, बसमध्ये झोपले, शनिवारी दुसऱ्या गावात परत बर्फावर. हे विमानाने करायला गेलात तर तिकिटांचे पैसे विमानकंपनीलाच जातील. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे ग्राउलर्स बघा. 2018-19 हा पहिलाच सीझन, पहिल्याच सीझनला केली कप, सेंट जॉन्समधले लोक हॉकीवेडे, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये लीगने त्यांचं सदस्यत्वच संपवलं, जबाबदाऱ्या पूर्ण केल्या नाहीत म्हणून. आत नेमकं काय घडलं हा वेगळा विषय, पण बेटावरची टीम, प्रत्येक दौरा विमानाचा, हे ओझं पहिल्या दिवसापासून डोक्यावर होतंच ना.

आणि दुसरं कारण मी कोल्हापूरचा आहे म्हणून मला जास्त जवळचं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी फुटबॉलची मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते, ती काय कोल्हापूरची लोकसंख्या वाढली म्हणून? समोरची टीम आपल्याच गावातली आहे, उद्या सकाळी दूध आणायला गेलं की तीच माणसं भेटणार आहेत, म्हणून. मायनर लीगमध्ये खेळाडू दर वर्षी बदलतात, नावं लक्षात राहत नाहीत, लोक येतात ते शेजारच्याला हरवायला. वूस्टरला शेजारच्या मेन राज्याची टीम आली की तिकडची माणसं गाड्या भरभरून येतात, त्या दिवशी अरीनाचा आवाजच वेगळा असतो.

आता मँचेस्टर, तुमचा खरा मुद्दा, आणि तो मला लागला. मँचेस्टर मोनार्क्स 2001 पासून एएचएलमध्ये होते, 2015 ला कॉल्डर कप जिंकले आणि त्याच उन्हाळ्यात टीम कॅलिफोर्नियात ऑन्टेरियोला नेली. कप जिंकलेल्या गावाची टीम उचलून नेली, आणि त्याच नावाने, त्याच अरीनात, एक पायरी खालची ईसीएचएल टीम आणून ठेवली. लोकांना काय वाटलं असेल? आणि तुम्ही म्हणता शेजारी होते, तर तारखा बघा. वूस्टर रेलर्स सुरू झाले 2017 ला. पोर्टलंडचे मेन मरिनर्स 2018 ला. मोनार्क्स संपले 2019 ला. म्हणजे वूस्टर, मँचेस्टर, पोर्टलंड अशी साखळी जेमतेम एक सीझन होती. त्याआधी ईसीएचएलमध्ये त्यांचा सगळ्यात जवळचा शेजारी ग्लेन्स फॉल्स, डोंगरापलीकडे, तीन तासांवर. शेजार जमायला आणि टीम जायला एकच गाठ पडली. शेवटी नवा मालक मिळाला नाही.

वूस्टरचं उलट झालं. आमच्याकडे दोन हिवाळे हॉकीच नव्हती. ते दोन हिवाळे फार वाईट गेले, पण त्यामुळे 2017 ला टीम आली तेव्हा ती कुणाच्या जागी आलेली उतरती टीम वाटली नाही, आपली नवीन टीम वाटली. मालकाने गावातच, मोठ्या अरीनापासून जवळ, सरावाचं रिंक बांधलं, तिथे लहान मुलं स्केटिंग शिकतात, माझा मुलगाही तिथेच शिकला. लोकसंख्येच्या आकड्यात हे कुठे दिसणार? टोलिडोलाही असंच, जुनं स्पोर्ट्स अरीना गेलं, मध्ये दोन वर्षं रिकामी गेली, 2009 ला डाउनटाउनमध्ये नवीन अरीना आणि वॉलआय टीम, आणि ती चालवणारी माणसं तीच जी उन्हाळ्यात मड हेन्सची बेसबॉल टीम चालवतात, म्हणजे तिकीट विकणारा माणूस बारा महिने त्याच गावात फिरतोय. आणि पेनसिल्व्हेनियातलं हर्शी? चौदा हजारांच्या आसपास वस्ती, साडेदहा हजारांचं अरीना, 1938 पासून एएचएलमध्ये टीम.

तुम्ही शेवटी विचारलंत की माझ्या हातात असतं तर पुढची टीम कुठे दिली असती. मँचेस्टरलाच दिली असती. वूस्टर सव्वा तास, पोर्टलंड पावणेदोन तास, शेजारी आता बसलेले आहेत, आणि लोकांचा राग निवायला पुरेशी वर्षं गेली आहेत. फक्त आधी तीन गोष्टी लेखी घेतल्या असत्या. मालक तिथला हवा, ऑक्टोबर ते एप्रिल किमान पंचवीस शुक्रवार-शनिवार हॉकीला हवेत, आणि पार्किंग नि खाण्यापिण्याच्या कमाईत टीमला वाटा हवा. नुसत्या तिकिटावर ही टीम चालणार नाही, बिअर आणि पार्किंगचे पैसे सगळे इमारतीला गेले तर पाच हजार माणसं आली तरी हिशोब जुळत नाही. आणि मोनार्क्स हे नाव परत वापरू नये, ते त्या 2015 च्या कपाबरोबर राहू द्यावं.

डुलूथला मॅचला जाता का कधी? ग्रीनव्हिलबरोबरची असेल तर जाऊन या आणि पार्किंगमध्ये साउथ कॅरोलायनाच्या नंबरप्लेट किती दिसतात ते मोजून इथे लिहा, मला खरंच हवंय ते.