दोन प्रश्न आणि एक ‘कितें जालां?’

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑगस्ट 2025 मध्ये कुत्र्यांवरून जी जुंपली ती अजून धुमसते आहे. सर्वोच्च न्यायालयाने 11 तारखेला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. 22 तारखेला तो आदेश सौम्य केला : नसबंदी करा, लस टोचा, जागेवर परत सोडा. आणि तिकडे गोव्यात, फोंड्यात माझ्या चुलतभावांचे दोन तट पडले. एक म्हणतो, पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलीमागे लागतात, पोरांना चावतात. दुसरा म्हणतो, गोवा 2021 मध्ये ‘रेबीज नियंत्रित’ जाहीर झाला तो कुत्र्यांना लस टोचूनच, हाकलून नव्हे. दोघांचंही खरं आहे. मी न्यू जर्सीत बसून वाचतो आणि गप्प राहतो, कारण माझ्या पायाशी जे कुत्रं झोपलेलं असतं ते या भांडणात कुठेच बसत नाही.

तो माझा सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्वात मदत करायला शिकवलेला कुत्रा. त्याचं नाव टायगर. आमच्या वाड्यावर दर दुसऱ्या कुत्र्याचं हे नाव असायचं म्हणून तेच ठेवलं. आहे काळा लॅब्राडोर, वाघाचा अंशही नाही. गाडीच्या अपघातानंतर माझं असं झालं की मागून ट्रकचा भोंगा वाजला तरी छाती आवळायची, हात बधिर व्हायचे, भर दुकानात पाय उचलत नसत. टायगरला ते माझ्याआधी कळतं. तो नाकाने हात ढोसतो. मी दाद दिली नाही तर ढोसतच राहतो, आणि मी खाली बसलो की मांडीवर अख्खा आडवा पडतो. तीस किलो वजन. श्वास ताळ्यावर येईपर्यंत हलत नाही. रात्री स्वप्नात ओरडलो तर तोंड चाटून उठवतो. हे नुसत्या लाडाने येत नाही. प्रशिक्षिकेच्या देखरेखीखाली मीच त्याला शिकवलं, दोन वर्षं गेली. सगळ्यात अवघड धडा कोणता, तर जमिनीवर पडलेल्या चिकनच्या तुकड्याकडे ढुंकूनही न बघणं.

इथल्या 1990 च्या अपंगत्व कायद्याप्रमाणे टायगरला दुकानात न्यायचा मला हक्क आहे; दुकानदार मला दोनच प्रश्न विचारू शकतो. अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजार कोणता, कागद दाखवा, काम करून दाखवा, यातलं काही विचारायची सोय नाही. मात्र ‘जवळ असला की बरं वाटतं’ हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. नुसत्या भावनिक आधाराच्या प्राण्याला हा हक्क नाही. आणि टायगर भुंकत सुटला, मी आवरला नाही, तर त्याला बाहेर काढायला दुकानदार मोकळा.

लबाडी इथेही भरपूर. सरकारी नोंदणी असा प्रकारच नाही, तरी इंटरनेटवर ‘प्रमाणपत्रं’ आणि झोकदार जॅकेटं विकत मिळतात. विमानात तर आधाराच्या नावाखाली इतका सुळसुळाट झाला की 2021 पासून कंपन्यांना त्या प्राण्यांसाठी वेगळा नियम पाळायची सक्ती उरली नाही. तरीही दहा लबाड आत शिरले म्हणून अकराव्याला दारात अडवावं, हे मला पटत नाही.

गोव्यात हे आणायचं म्हटलं तर पहिली हौस शिक्क्याचीच होईल, याची मला खात्री आहे. खरं तर पाया आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. 2023 पासून दिव्यांगांचा पर्पल फेस्ट थाटात भरतो. मनाच्या खेळावर, म्हणजे संमोहनावर, आयुष्य घालवलेल्या कांदोळीच्या आबे फारियाचा पुतळा पणजीत आहे. पण कुणी बांबोळीला जातो म्हणालं की आपण आवाज खाली आणून विचारतो, ‘जीएमसीत, की पलीकडे?’ जीएमसी म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, पलीकडे म्हणजे मनोरुग्णालय. चाळीस टक्के अपंगत्वाचं सरकारी कार्ड गळ्यात अडकवून बाजारात फिरायला त्यानंतर कोण तयार होईल? म्हणून मला कार्ड नको, ते दोन प्रश्न हवेत. भटक्या कुत्र्यांचा निकाल लागल्यावर बघू, असं एक भाऊ म्हणाला. रस्त्यावरची टोळी टायगरवर धावली तर तो माझ्याकडे लक्ष कसं देणार, हा त्याचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही.

आणि एक गोष्ट कबूल करतो. सहा वर्षांत इथे कुणी मर्यादा ओलांडली नाही. शेजाऱ्यानेही नाही. टायगरचं जॅकेट बघून सगळे अदबीने बाजूला होतात आणि मी कसा आहे हे कुणीच विचारत नाही. फोंड्याला गेलो की पहिल्या तासात चार बायका विचारतात, ‘तुका कितें जालां रे?’ तेव्हा मला राग येतो. इथे परतलो की त्याच प्रश्नाची वाट बघतो.

आईला मी कुत्र्याचं खरं कारण गेल्या चवथीला सांगितलं, फोनवर. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग, तो आला तर झोपेल कुठे, एवढंच तिने विचारलं : “तो आयल्यार न्हिदतलो खंय?”