कार्पेटवर सांडलेल्या इंजिन ऑइलवर पेट्रोल ओतू नका

गणेश चवथीच्या आधीपासून एक मेसेज आमच्याकडे गोव्यात मोबाइलवर फिरतो आहे. फोंड्यातल्या ओळखीच्यांनी पाठवला, डिचोली-सत्तरीच्या गिऱ्हाइकांनीही तोच पाठवला आणि विचारलं, "हे खरं का?" मेसेज असा: "गाडीच्या कार्पेटवर इंजिन ऑइल सांडलं? घाबरू नका. अर्धा लिटर पेट्रोल ओता, पाच मिनिटांनी कडक ब्रशने घासा. मग खायचा सोडा घातलेलं उकळतं पाणी ओता. डाग राहिलाच तर कोला. शेवटी काचा बंद करून गाडी दिवसभर उन्हात ठेवा, वास गायब. शोरूमवाले ही युक्ती सांगत नाहीत."

मी फोंड्यात गाड्यांच्या सीट-कव्हरचं आणि आतल्या सफाईचं काम करतो. या मेसेजप्रमाणे केलेल्या तीन गाड्या माझ्याकडे आल्या. त्यातली एक वाळपईकडची. टॉप-अप करून उरलेला ऑइलचा डबा मागच्या सीटच्या पायाशी ठेवलेला, झाकण सैल, चोर्ला घाटाच्या वळणांवर तो कलंडला. मालकाने घरी येऊन पोर्चमध्येच पेट्रोल ओतलं, घासलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना त्याच सीटवर बसवून शाळेत सोडलं. काही झालं नाही, हे त्या घराचं नशीब. त्याच्याशी बोलल्यापासून मला स्वस्थता नाही, म्हणून मेसेजमधल्या एकेका गोष्टीला उत्तर देतो आहे.

पेट्रोल. पेट्रोलने इंजिन ऑइल विरघळतं हे खरं आहे, आणि म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. पण विरघळलेलं तेल जातं कुठे? गाडीचं कार्पेट म्हणजे घरातली सतरंजी नव्हे. वर पॉलिस्टर किंवा नायलॉनचे तंतू, त्यांना धरून ठेवणारा रबरासारखा थर, त्याखाली चिंध्या कुटून केलेला जाड नमदा किंवा फोम, आणि मग पत्रा. इंजिन ऑइल घट्ट असतं, त्यामुळे पहिली काही मिनिटं बरंचसं वरच राहतं. त्यावर पेट्रोल पडलं की ते पातळ होऊन सरळ नमद्यात उतरतं. पेट्रोल उडून जातं, तेल खाली राहतं. वरचा डाग फिका झाला म्हणून माणूस खूश होतो. चार-सहा दिवसांनी तेच तेल दिव्याच्या वातीत चढावं तसं तंतूंमधून वर येतं आणि डाग पहिल्यापेक्षा मोठा दिसतो. शिवाय तंतू धरणारा थर पेट्रोलने फुगतो, सैल होतो, आणि कार्पेटचे पापुद्रे सुटायला लागतात.

कार्पेट तरी बदलता येतं. खरी भीती वेगळीच आहे. पेट्रोलची वाफ पेटायला गरमी लागत नाही, उणे ४० अंशांच्या आसपासही ती पेट घेऊ शकते. हवेत ही वाफ साधारण दीड टक्का झाली की एक ठिणगी पुरते. लहान गाडीच्या आत सुमारे तीन हजार लिटर हवा मावते, तिचा दीड टक्का म्हणजे पंचेचाळीस लिटर. अर्धा लिटर पेट्रोल पूर्ण उडालं तर त्याची शंभरेक लिटर वाफ होते. म्हणजे मोठी वाटीभर पेट्रोल उडालं तरी बंद गाडी पेटण्याजोगी होते. त्यातून ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती छताकडे जात नाही, पायाशी साचते. आणि पायाशी काय असतं? सीटखालच्या वायरींचे जोड आणि डॅशबोर्डच्या खाली एसीच्या ब्लोअरची मोटर. पुष्कळ गाड्यांत या मोटरला कार्बनचे ब्रश असतात आणि ती फिरताना आत बारीक ठिणग्या उडतात. वास घालवायला माणूस पहिलं काय करतो? ब्लोअर चालू करतो.

थिनर आणि टर्पेंटाइन सुचवणारेही भेटतात. त्यांनाही माझं हेच उत्तर आहे.

सोडा आणि उकळतं पाणी. इथे घोळ आपल्या भाषेत आहे. खोबरेल तेल आणि इंजिन ऑइल, दोघांनाही आपण तेलच म्हणतो, म्हणून भांड्यांचं ज्ञान गाडीला लावतो. खोबरेल तेलाचा कडक क्षाराशी संयोग होऊन साबण तयार होतो. खोबरेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करतात, तो असाच. इंजिन ऑइल ही वेगळी जात आहे. ते मुख्यतः जमिनीतून काढलेल्या खनिज तेलापासून येतं. त्यात खोबरेलसारखी स्निग्धाम्लं नसतात, त्यामुळे सोडा कितीही टाका, त्याचा साबण होणार नाही. शिवाय खायचा सोडा इतका सौम्य की त्याने खोबरेलचाही साबण होत नाही.

सोडा अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. कोरडा पसरला तर तो तेल शोषून घेतो, आणि एवढंच त्याचं खरं काम. मेसेजवाल्याने तो पाण्यात विरघळवून तेही घालवलं.

उकळत्या पाण्याचं नुकसान तर आमच्याकडे दुप्पट. तेल गरम होऊन पातळ होतं आणि खाली जातं, पाठोपाठ बादलीभर पाणीही जातं. जून ते सप्टेंबर गोव्यात दारात टाकलेला टॉवेल दोन दिवस सुकत नाही, तर कार्पेटखालचा दोन बोटं जाड नमदा कसा सुकेल? बुरशी धरते, कुबट वास सुटतो, पत्र्याला गंज लागतो आणि वायरींचे पितळी जोड हिरवे पडतात. पाण्याने खराब झालेली गाडी तेलाने खराब झालेल्या गाडीपेक्षा मला जास्त महागात दुरुस्त करावी लागली आहे.

कडक ब्रश. घासल्याने डाग पसरतो आणि तंतू पिंजून येतात, ते पुन्हा बसत नाहीत. दाबून टिपायचं असतं.

कोला. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं, ते गंजावर थोडंफार चालतं, तेलावर नाही. उलट दर शंभर मिलिलिटरमागे दहा ग्रॅमच्या वर साखर गाडीत जाते आणि मुंग्या लागतात.

बंद काचा आणि ऊन. आधी पेट्रोल ओतायला सांगून मग काचा बंद करून उन्हात ठेवायला सांगणं, यासारखा धोकादायक सल्ला मी ऐकलेला नाही. पेट्रोल नसतं तरी उपयोग शून्य. इंजिन ऑइल धगधगत्या इंजिनात टिकावं म्हणूनच बनवलेलं असतं, ते उन्हाने उडून जात नाही. ऊन दाखवायचं ते शेवटी, धुऊन झाल्यावर, चारही दारं उघडी ठेवून. (सांडलेल्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असेल तर ते इंजिन ऑइल नसून गिअर ऑइल असतं. तो वास नमदा बदलल्याशिवाय सहसा जात नाही.)

"शोरूमवाले सांगत नाहीत." गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढून सफाईचं पान वाचा. आतल्या सफाईला पेट्रोल, थिनर वापरू नका, हे बहुतेक कंपन्या तिथे स्पष्ट छापतात.

आता तेल सांडलंच तर काय करावं. मी करतो ते सांगतो.

हातमोजे घाला, विशेषतः तेल काळं, वापरलेलं असेल तर, कारण ते कातडीला चांगलं नाही. वर साचलेलं तेल चमच्याने किंवा जुन्या कार्डाच्या कडेने खरवडून उचला. मग सुती चिंध्या ठेवून त्यावर उभे राहा, चिंधी बदला, पुन्हा उभे राहा. चिंधीला तेल लागायचं थांबेपर्यंत हेच. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. त्यानंतर कॉर्नफ्लॉवर, टाल्कम पावडर किंवा कोरडा खायचा सोडा बोटभर जाड पसरा, हलक्या हाताने दाबा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पावडर पिवळी, ओशट झालेली दिसेल. ती खरवडून काढा, उरलेली व्हॅक्यूमने ओढा, आणि पुन्हा नवी पसरा. दोन-तीन रात्री लागतात.

पाणी त्यानंतरच. कपभर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घालून फेस करा आणि स्पंजने फक्त तो फेस लावा. या लिक्विडच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून जे सोड्याला जमत नाही ते याला जमतं. डागाच्या कडेकडून मध्याकडे या. ओल्या फडक्याने साबण टिपून घ्या, नाहीतर राहिलेला चिकटपणा धूळ धरतो. पाणी ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर उत्तमच.

तेल ड्रायव्हरच्या बाजूला सांडलं असेल तर पेडल आणि चपलांचे तळ आधी पुसा, आणि पायाखालचं कार्पेट बुळबुळीत असेतो गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेकवरून पाय सटकणं हा डागापेक्षा फार मोठा प्रश्न आहे.

पेलाभराहून जास्त तेल गेलं असेल तर वरून कितीही टिपलं तरी नमद्यातलं निघत नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटली की कार्पेटची कड वर येते. नमदा खालून दाबून टिपा, मध्ये पुठ्ठा घालून कार्पेट उचललेलं ठेवा. सीट काढायची वेळ आली तर स्वतः हात घालू नका. सीटखालचे पिवळे जोड एअरबॅगचे असतात, आणि त्यांना बॅटरी सोडवल्याशिवाय हात लावायचा नसतो.

भिजलेल्या चिंध्या आणि पावडर विहिरीजवळ किंवा व्हाळात (ओढ्यात) टाकू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप असतं, तिथे नेऊन विचारा.

वाळपईच्या त्या गाडीचं कार्पेट मी उचललं तेव्हा वरचा डाग तळहाताएवढा होता आणि खालचा नमदा सीटच्या पूर्ण रुंदीभर काळा झाला होता. पेट्रोलचा वास अकरा दिवसांनंतरही येत होता. नमदा कापून नवा घातला. मालकाने तो मेसेज ज्यांना पुढे पाठवला होता त्या सगळ्यांना तिथेच उभं राहून फोन केले.