युद्धपट खरा की खोटा? तिकीट काढायच्या आधीच ठरवून टाका

शुक्रवारी ऐतिहासिक पिक्चर लागला आणि रविवारपर्यंत तुमचं त्याच्यावर मत तयार नसलं तर तुम्ही बेळगावात राहता हे सांगूच नका कुणाला. अहो इथं प्रत्येक गल्लीत एक रिटायर हवालदार आहे, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासनं आपल्या गावात आहे, कॅम्पातनं सकाळी पळणारी पोरं बघतच आपण मोठे झालो, म्हणजे युद्ध आपल्या रक्तातच आहे की नाही? मग त्याच्यावर बोलायला वाचन कशाला लागतंय. तरी पण नव्यानं या धंद्यात पडणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

पहिलं म्हणजे पिक्चर बघायची घाई करू नका. ट्रेलर पुरतो. ट्रेलरमध्ये मिशी बघायची, जिरेटोप बघायचा, राजे नाचतायत का ते बघायचं, बस्स. झुंबरात विजेचा बल्ब सापडला तर तुमचं नशीब फळफळलं, आठवडाभर दुसरं काही शोधायची गरज नाही. बल्ब कुणालाही दिसतो, त्याला दफ्तरखान्यात जाऊन मोडी वाचावी लागत नाही.

पण बल्ब सोडून बाकीचं बघायला जाऊ नका हां, ते अवघड प्रकरण आहे. तोफ उडाली की पडद्यावर गोळा जमिनीवर पडतो आणि आगीचा डोंब उसळून दहा माणसं हवेत उडतात, तिथं तुम्ही पण खुर्चीतनं उडायचं आणि शिट्टी मारायची. त्या काळचा साधा गोळा म्हणजे लोखंडाचा नाहीतर दगडाचा भरीव गोळा, तो फुटत नसायचा, जमिनीवर आपटून उसळायचा आणि वाटेतल्या माणसाचे पाय घेऊन जायचा, आत दारू भरलेले गोळे होते पण ते उखळी तोफेचे, ही असली माहिती चारचौघांत काढली तर लोक तुमच्याकडं मास्तर असल्यासारखं बघतात. तसंच बंदुकीचं. तोड्याची बंदूक, म्हणजे दारू घालायची, गोळी घालायची, गजानं ठासायची, कानात बारीक दारू टाकायची, पेटती वात सांभाळायची, मग एक बार, आणि पाऊस आला तर तो पण नाही. पिक्चरमधला मावळा मात्र घोड्यावरनं सटासट चार बार काढतो आणि तो घोडा पण कसला, रेसकोर्सवरचा उंच, तुकतुकीत, शॅम्पू केलेला. दख्खनचं तट्टू बुटकं होतं, काटक होतं, मिळेल तो पाला खाऊन डोंगर चढायचं, मराठ्यांची अर्धी लढाई त्या तट्टांनी जिंकली म्हणा ना, पण बुटक्या घोड्यावर हिरो कसा दिसेल याचा पण विचार करा की जरा.

उपाशी माणूस पण मागू नका. पानिपतात १४ जानेवारी १७६१ च्या आधी कित्येक दिवस छावणीची रसद तुटली होती, माणसं आणि जनावरं दोन्ही उपाशी होती आणि बरोबर हजारो बिनलढाऊ बायकापोरं होती. हे दाखवायचं म्हणजे इंटरव्हलला तुमचं गिरमिट आणि मिरची भजी घशाखाली उतरायची नाहीत. प्रोड्युसरला कळतंय ते.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. थिएटरात असो नाहीतर मंडळाच्या पडद्यापुढं, शेजारी कोण बसलंय ते बघून बसा. आमच्या गावात गणपतीत एकदा एकाहत्तरवरचा एक पिक्चर लावला होता, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर सुभेदार मामा, अंगावर शाल, पाय खुर्चीच्या दांडीवर. हिरोनं एलएमजी म्हणजे लाईट मशीनगन कमरेला लावली आणि ओरडत धाडधाड सुरू केली. मामांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं जप करूल्यात. दोन श्वास पण झाले नसतील, मामा म्हणाले, "संपली."

पडद्यावर तर चालूच होती.

शेजारच्या पोरानं विचारलं, "काय मोजूल्यात मामा?"

"मॅगझीन. तीस बसतात, आम्ही अठ्ठावीसच भरायचो, स्प्रिंग अडकू नये म्हणून. अशी सोडली तर चार सेकंद बी टिकत नाही. आणि बॅरल? बॅरल कोण बदलणार, त्याचा बाप?"

पुढं हिरोनं वायरलेसवर "ओव्हर अँड आउट" म्हटलं तर मामा खुर्चीतच वळले. "अरे ओव्हर म्हणजे तू बोल, आउट म्हणजे माझं झालं. उत्तर पाहिजे की नको, एक काय ते ठरव की." मग कॅप्टननं डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट ठोकला, मग एकानं दातानं ग्रेनेडची पिन उपटली, मामा प्रत्येक वेळी फक्त "दात" नाहीतर "टोपी" एवढंच म्हणायचे. शेवटी त्या पोरानं विचारलं, मग खरी लढाई कशी असती मामा? मामा म्हणाले, "खड्डा खणायचा. खणून झाला की हुकूम, पुढं चला. पुढं गेलं की परत खड्डा. पाठीवर पाणी, रात्री सेंट्री, सकाळी पायाला फोड." पोरगं उठून आइस्क्रीमच्या गाडीकडं गेलं, आणि बरोबरच केलं त्यानं.

म्हणून सांगतो, असल्या माणसाला पिक्चरबद्दल विचारायचं नसतं. त्यांचा सत्कार करायचा, २६ जानेवारीला शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा आणि स्टेजवरनं खाली उतरवायचं. मत आपलं आपण द्यायचं.

आता उलटा धोका पण समजून घ्या. कधीकधी एखादा डायरेक्टर चुकून खरी गोष्ट दाखवतो. समजा कुणी जमालपूरवर पिक्चर काढला. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानातली जमालपूरची पाकिस्तानी तुकडी वेढली गेलेली, वेढा घालणाऱ्यांत आपली जंगी पलटण म्हणजे पहिली मराठा लाईट इन्फंट्री. आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, मुक्तिवाहिनीचा, म्हणजे तिथल्या बंगाली स्वातंत्र्यसैनिकांतला माणूस ती घेऊन गेला. तिकडच्या कर्नलनं उत्तर पाठवलं की साहेब लेखणी फार छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा, आणि चिठ्ठीबरोबर एक गोळी. बंदुकीची गोळी, खरीखुरी, पाकिटात. पुढं १० तारखेच्या रात्री ते वेढा फोडून निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्चावर आले, बरीच माणसं पडली, आणि ११ ला सकाळी उरलेले शरण आले. हा सीन पडद्यावर आला की तुम्ही लगेच ओरडायचं, "काय पण दाखवतात राव, असलं कुठं असतंय?" गोळी घातलेलं पाकीट म्हणजे सरळसरळ साऊथचा पिक्चर वाटतो. त्यामानानं हिरो चार टँक एकटा उडवतो ते किती पटतं बघा.

हे झालं नवीन युद्धाचं. पण आपलं खरं बलस्थान जुन्या युद्धात आहे, आणि त्यात नेसरी. बेळगावातनं तास-दीड तासावर, हद्द ओलांडली की गडहिंग्लज तालुक्यात. २४ फेब्रुवारी १६७४, सरनोबत प्रतापराव गुजर आणि सहा घोडेस्वार विजापूरच्या बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही पडले. आधी उमराणीला खानाला कोंडून मग सोडून दिला म्हणून महाराजांची बोलणी खाल्ली होती, ती जिव्हारी लागली. एवढं तर शेंबडं पोर पण सांगतं. आता यात परीक्षण कसं करायचं, तर त्या सहा जणांची नावं बघायची. ज्या नावांची यादी फिरते तिला त्या काळच्या कागदाचा आधार नाही, आणि हेच तर सोन्याहून पिवळं! सहा जागा रिकाम्या आहेत म्हणजे भरायला मोकळ्या. पिक्चरमध्ये तुमचं आडनाव आलं तर पिक्चर अस्सल, कागदोपत्री, डायरेक्टरनं घेतलेली मेहनत दिसते. नाही आलं तर इतिहासाचं विकृतीकरण, निवेदन द्यायचं, थिएटरपुढं बसायचं. चंदगडपासनं हुक्केरीपर्यंत गावोगावी आमचाच पूर्वज त्या सातात होता म्हणणारी घराणी आहेत, सगळ्यांना घ्यायचं म्हटलं तर खिंडीत खानाचीच फौज कमी पडेल.

आणि कुणी आगाऊपणानं विचारलंच की बाबा सहाच स्वार होते कशावरनं, तर छाती पुढं काढून सांगायचं, इंग्रजांच्या कागदांत आहे! नारायण शेणवी म्हणून इंग्रजांचा माणूस होता, त्यानं मुंबईला पाठवलेल्या पत्रात प्रतापराव सहा स्वार घेऊन दोन डोंगरांमध्ये शत्रूवर पडला असं आलंय. शत्रूपक्षाचा नाही, आपल्या बाजूचा नाही, तिऱ्हाईताचा पुरावा. वखारवाले म्हणजे इंग्रज कंपनीचे व्यापारी, त्यांना बातमी खरी लागायची, खोट्या बातमीवर धंदा बुडतो. हे वाक्य पाठच करून ठेवा, फार वजन पडतं.

फक्त ते बेलवडीचा पिक्चर यायच्या आधीच वापरून घ्या.

कारण कधी ना कधी कुणीतरी तो काढणार, कन्नडमध्ये काढणार, आणि तो आपल्याच गावात लागणार, पोस्टरवर साठ टक्के कन्नड पाहिजे या नियमाची इथं कुणाला आठवण सुद्धा करायला लागणार नाही कारण सगळंच कन्नड. बेलवडी बैलहोंगल तालुक्यात, म्हणजे जिल्ह्यातलीच. १६७८, महाराज दक्षिणेतनं परत येताना सैन्याची रसद की बैल तिथल्या लोकांनी पळवले, त्यावरनं वेढा पडला, आणि तिथली देसाईण, म्हणजे वतनदार देसायाची बायको, लढली. कन्नड मुलखात ती मल्लम्मा, आपल्या बखरीत ती सावित्रीबाई. लहानशी गढी आणि सत्तावीस दिवस, असं बखर म्हणते. आता आली का पंचाईत? या पिक्चरमध्ये वेढा घालणारे आपण आहोत. पडद्यावर भगवा झेंडा दिसणार आणि थिएटरातली अर्धी पब्लिक झेंड्याच्या विरुद्ध टाळ्या वाजवणार, तुमच्या शेजारी तुमचाच ऑफिसातला मित्र, ज्याच्याबरोबर तुम्ही रोज डबा खाता.

घाबरू नका. इतका वेळ पिक्चरमध्ये रस होता, आता एकदम साधनं आठवायची. पुरावा काय? कागद दाखव. बखर? बखर उत्तरकालीन, बखरकार ऐकीव लिहितात (नेसरीचा सीन बघताना हीच बखर तुम्ही मांडीवर घेऊन बसला होता ते सोडा). आणि मित्रानं मोबाईलवर काढून दाखवलंच, की राजापूरच्या इंग्रज वखारीचं २८ फेब्रुवारी १६७८ चं पत्र आहे, त्यात लिहिलंय की एवढी राज्यं जिंकलेल्या शिवाजीला ही एक बाई देसाई आवरेना, आणि मोगल नाहीतर दख्खनी यांच्या सगळ्या ताकदीकडनं झाली नाही एवढी फजिती इथं झाली असं त्याच्याच छावणीतनं आलेले लोक सांगतात, तर? तर म्हणायचं, इंग्रजांचं काय घेऊन बसलास, ते फिरंगी, महाराजांनी त्यांची राजापूरची वखार लुटली होती, त्यांचा राग असणारच. व्यापाऱ्यांना लढाईतलं काय कळतंय. लांब राजापुरात बसून बेलवडीचं लिहितात!

खरं म्हणजे त्या गोष्टीचा शेवट आपल्या बाजूनं पण वाईट नाही. त्या बाईशी वाईट वागलेला सरदार सखुजी गायकवाड, त्याला महाराजांनी डोळे काढून कैदेत टाकला असं बखरच सांगते, आणि धारवाडजवळ यादवाडला मारुतीच्या देवळापाशी महाराजांचं दगडी शिल्प आहे ते मल्लम्मानं कोरून घेतलं अशी तिकडं श्रद्धा आहे. म्हणजे हा पिक्चर बघून मराठी माणूस आणि कन्नड माणूस दोघं एकाच दारातनं खूश होऊन बाहेर पडू शकतात. पण असं झालं तर चॅनलवाले माईक घेऊन बाहेर कशाला उभे राहतील, आणि निवेदन कुणाला द्यायचं, त्यामुळं हा विषय तुम्ही पण काढू नका आणि त्याला पण काढू देऊ नका. तो बहुतेक काढणार नाहीच, कारण तो पण तुमच्यासारखाच तयारी करून आलेला असतो. त्याच्याकडं मल्लम्माच्या लढाईला वखारीचा कागद चालतो आणि नेसरीच्या वेळी तोच इंग्रज खोटारडा असतो.

राहता राहिलं एक. तुमच्यातल्याच कुणीतरी ग्रुपवर विचारलं, की भावा, मागच्या महिन्यात नेसरीला वखारवाले खरं बोलत होते आणि या महिन्यात बेलवडीला खोटं, हे कसं काय, तर उत्तर देत बसू नका. दोन तासांनी फक्त टाकायचं, "सॉरी, रेंज नव्हती, खानापूरच्या पुढं होतो." त्या जंगलात खरंच रेंज नसती, त्यामुळं निदान हे तरी कुणाला खोटं पाडता येणार नाही.